थीम आणि व्हेरिएशन्स (एकल पियानो)

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एक रचनाप्रकार. आधी एक छोटी, बहुधा दोन भागांची धून म्हणजे थीम वाजते आणि मग तिचीच बदललेली रूपे एकामागून एक येतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील सुखवस्तू घरांत पियानो रुळू लागला, तसा ओळखीच्या चालींवरील व्हेरिएशन्सचा खप वाढला. एका लोकप्रिय फ्रेंच चालीवरची मोझार्टची 12 व्हेरिएशन्स (के. 265) याच काळातली. या बाजारामुळे व्हेरिएशन म्हणजे सुरावटीवर चढवलेले दागिने, असा समज रूढ झाला. हौशी वादकांसाठी रतीब घालणाऱ्यांच्या बाबतीत तो खोटाही नाही. मात्र या प्रकारातील थोर रचना पाहिल्या, तर त्या सुरावटीपेक्षा बास, कॉर्डचा क्रम आणि सांगीतिक वाक्यांची लांबी यांवर उभ्या असलेल्या दिसतात.

व्हिएन्नातील प्रकाशक आंतोन डियाबेली याने 1819 मध्ये स्वतःचा एक वॉल्ट्झ अनेक रचनाकारांकडे पाठवून प्रत्येकाकडून एकेक व्हेरिएशन मागितले. बेटहोवनने 1823 पर्यंत 33 रचली (ओपस 120). वॉल्ट्झ तसा सामान्यच: सुरुवातीची छोटी गिरकी, मग सी वरून खालच्या जी वर उडी आणि पुढे उजव्या हातात एकाच कॉर्डची ठोकाठोक. बेटहोवनने हेच सुटे भाग वापरले. पहिल्याच व्हेरिएशनमध्ये तीन मात्रांचा वॉल्ट्झ जाऊन चार मात्रांचे भारदस्त मार्च येते. बाविसाव्यात चक्क मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’तील नोकर लेपोरेलोचे गाणे अवतरते. हा नुसता विनोद नाही, कारण त्या गाण्याच्या आरंभीही तेवढ्याच अंतराची खाली जाणारी उडी आहे. दागिन्यांच्या उपपत्तीत हे व्हेरिएशन बसवता येत नाही.

यावर आक्षेप असा, की श्रोत्याला ऐकू येते ती सुरावट. बासचा हिशेब पंडितांनी कागदावर मांडावा. पण बेटहोवनच्याच सी मायनरमधील 32 व्हेरिएशन्स (1806) ऐकाव्यात. थीम अवघी आठ बारांची आणि बास अर्ध्याअर्ध्या स्वराने खाली उतरणारा. हा उतार पुन्हापुन्हा कानी पडल्यावर वरचे स्वर कितीही पालटले तरी पुढचा मुक्काम कान आधीच ओळखतो. त्यासाठी स्वरांची नावे ठाऊक असावी लागत नाहीत. ब्राम्सने हँडेलच्या थीमवर 1861 मध्ये रचलेली 25 व्हेरिएशन्स आणि फ्यूग (ओपस 24) हाच विश्वास ताणून पाहतात: सहाव्यात मायनरमधील कॅनन, बाविसाव्यात खेळण्यातल्या संगीतपेटीची किणकिण, तरी चार-चार बारांचा सांगाडा जाणवत राहतो. थीमबाबत आपण बासला सर्वाधिक महत्त्व देतो, असे ब्राम्सने 1869 मधील एका पत्रात लिहिलेही आहे.

शुमानचे उदाहरण मात्र वरकरणी उलट जाते. त्याच्या ‘सिंफनिक एट्यूड्स’मध्ये (ओपस 13, 1837) काही तुकड्यांचा थीमशी संबंध शोधूनच काढावा लागतो. रोमँटिक रचनाकारांनी सांगाडाच मोडला, याचा पुरावा म्हणून ही रचना पुढे केली जाते. तथापि मूळ शीर्षकात शुमानने त्यांना एट्यूड, म्हणजे वादनतंत्राच्या सरावाची रचना, म्हटले होते, व्हेरिएशन नव्हे. 1852 च्या आवृत्तीत व्हेरिएशन हा शब्द शीर्षकात आला, आणि थीमशी फारसे नाते नसलेले तिसरे व नववे एट्यूड त्याच आवृत्तीतून वगळले गेले.