मातीतून मॅटवर आलेला हंगाम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे कृष्णाकाठच्या माणसाला कागदावरच वेगळे वाटतात. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि आसपासची विलीन झालेली संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. नाव बदलले, पण ऊस तोच राहिला, तालमी त्याच राहिल्या आणि दिवस कलल्यावर रंगणारी कबड्डीही तीच राहिली. या मातीतल्या खेळाचा छपराखालचा एक हंगाम मला आज सांगायचा आहे. तो हंगाम २०१५ सालचा.

आमच्या घरातली वडीलधारी मंडळी या खेळाला 'हुतूतू'च म्हणत. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये त्याची प्रात्यक्षिके दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या माणसांनी या खेळासाठी आयुष्य वेचले आणि १९९० मध्ये कबड्डी बीजिंगच्या एशियाडमध्ये पोहोचली. खेळाचा मान असा वाढत गेला. खेळाडूच्या पदरात मात्र एखादी ढाल, गावात नाव आणि नशीब असेल तर रेल्वे, पोलीस किंवा बँकेच्या संघातून मिळालेली नोकरी, एवढेच पडत असे.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मला आधी नवल वाटले ते महिन्याचे. जुलै-ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे मैदानात चिखल आणि शेतात भांगलण. पण इथे वर छप्पर होते आणि पायाखाली मॅट. आयुष्यभर अनवाणी खेळलेल्या पोरांना बूट घालून चढाई करायला शिकावे लागले. मातीत पाय घसरतो, मॅटवर तो घट्ट धरला जातो. वळण्याचा, झेपेचा अंदाजच बदलतो. चढाई तीस सेकंदांत संपवायची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर बाद. वेळ काढणे संपले आणि घराघरांत दूरदर्शन संचासमोर बसलेल्या आयाबायांनाही खेळ समजू लागला.

दुसरा हंगाम १८ जुलै २०१५ रोजी सुरू झाला. आठ संघ आणि साखळीत प्रत्येकाचे चौदा सामने. दबंग दिल्लीकडून चढाईला जात होता काशिलिंग आडके, वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा. कराड सोडून कोल्हापूरच्या रस्त्याला लागले की महामार्गालगत हे गाव लागते. राजारामबापू पाटलांचे गाव म्हणून ते आपल्याला ठाऊक होतेच. त्या हंगामात आडकेने चढाईत ११४ गुण मिळवले. इतके गुण दुसऱ्या कोणत्याही चढाईपटूला मिळाले नाहीत. गंमत अशी की त्याचा संघ उपांत्य फेरीतही पोहोचला नाही. २३ ऑगस्टला मुंबईत यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३० असे हरवून करंडक जिंकला. करंडक मुंबईकडे राहिला आणि चढाईतला पहिला नंबर कासेगावकडे आला.

त्याच्या आदल्याच वर्षी सांगलीचा नितीन मदने इंचॉन एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. म्हणजे ही एका पोराची किमया नव्हती. गावोगावची मंडळे, शाळांचे क्रीडाशिक्षक, पदरचे पैसे घालून पोरांना स्पर्धेला नेणारे कार्यकर्ते यांची ती वर्षानुवर्षांची पेरणी होती. लीगने पीक बाजारात नेले, भावही दिला. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारची, १२ लाख ८० हजार रुपये. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले. भाव वाढला याचा आनंदच आहे. पण पेरणाऱ्याचे नाव गुणफलकावर येत नाही.

मुलींची गोष्ट याहून चटका लावणारी. २०१६ मध्ये लीगबरोबर तीन संघांची महिलांची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला २४-२३ असे हरवले. एका गुणाचा फरक! याहून रंगतदार सामना कोणता असेल? तरीही पुढल्या वर्षी लीगने ती स्पर्धा भरवली नाही. आपल्या मैदानांवर मुलीही तोच घाम गाळतात, त्याच जिद्दीने कोपरा धरून उभ्या राहतात.

म्हणून २०१५ चा तो हंगाम मला नुसता अभिमानाचा वाटत नाही. कासेगावच्या पोराला देशभर ओळख मिळू शकते, हे त्याने सिद्ध केले. आता पाऊस उघडल्यावर गावातले मैदान आखायला कोण येते आणि त्यांतल्या मुलींना संध्याकाळी खेळायला कोण पाठवते, ते पाहायचे. पुढचा आडके घडायचा तो तिथेच.