चमत्कारपरीक्षा, ख्रिस्ती

चमत्कारपरीक्षा, ख्रिस्ती : एखादी विलक्षण घटना ईश्वराची करणी आहे, निसर्गक्रमाने घडलेली आहे की निव्वळ फसवणूक आहे, हे ठरवण्याची ख्रिस्ती परंपरेतील रीत. चमत्कार मानणाऱ्या धर्माने त्यांची तपासणी कशाला करावी, असे वाटणे साहजिक आहे. पण तपासणीचा आग्रह खुद्द बायबलचाच आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायानुसार संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले, तरी तो लोकांना परमेश्वरापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकायचे नाही. खोटे ख्रिस्तही मोठी चिन्हे दाखवतील, असा इशारा येशूने दिला आहे (मत्तय 24). म्हणजे नुसते नवल हा पुरावा होत नाही. उलट, कुष्ठरोग्याला बरे केल्यावर येशू त्याला याजकाकडे पाठवतो (मत्तय 8), कारण रोगी शुद्ध झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार नियमशास्त्राने याजकाला दिला होता. यातून दोन कसोट्या निघतात : घटना तपासाला उतरते का, आणि तिचे फळ काय. दोन्ही लागतात, एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

पहिल्या कसोटीला रोमन कॅथलिक चर्चने नियमबद्ध रूप दिले. अठराव्या शतकात प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी (पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे) यांनी रोगमुक्तीच्या दाव्यांसाठी निकष मांडले : रोग गंभीर असावा, तो उपचारांनी हटलेला नसावा आणि बरे होणे अकस्मात, संपूर्ण व टिकाऊ असावे. फ्रान्समधील लूर्द येथे 1883 पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तेथील हजारो दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मानले ते सत्तरच्या आसपास. ही कसोटी विसरली की काय होते, ते मार्च 2012 मध्ये मुंबईत दिसले. विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील वेलांकनी मातेच्या चर्चमध्ये क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची रीघ लागली. बुद्धिप्रामाण्यवादी सनल एडामरुकू यांनी पाहणी करून, जवळच्या तुंबलेल्या मोरीचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून झिरपत असल्याचे दाखवले. पुढे त्यांच्याविरुद्ध भारतीय दंडसंहितेच्या कलम 295-अ खाली तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले. वास्तविक भिंतीमागची मोरी शोधणे हे चर्चच्या स्वतःच्या निकषांना धरूनच होते. त्याबद्दल आभार मानायला हवे होते.

दुसऱ्या कसोटीचे मराठी मुलखातील उदाहरण पुणे जिल्ह्यातील केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 मध्ये मोठे आध्यात्मिक जागरण झाले. सहकारी मिनी अब्राम्स यांनी नोंदवल्याप्रमाणे, पहाटे एका मुलीभोवती आग दिसली म्हणून शेजारची मुलगी पाण्याची बादली घेऊन धावली. ओतणार तोच तिला कळले, की ही जळत नाही. पुढे तिथे न शिकलेल्या अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही घडले. रमाबाईंनी ते दडपले नाहीत, पण पवित्र आत्म्याची खरी खूण त्यांत नसून प्रेमात आहे, अशी भूमिका घेतली. ज्या घरात दुष्काळात होरपळलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा सांभाळल्या जात होत्या, तिथे या खुणेचा पडताळा रोज होत होता.

यावर तीन आक्षेप येतात. तपासणे म्हणजे अविश्वास, हा पहिला. पण आत्म्यांची परीक्षा करण्यास योहानाचे पहिले पत्रच सांगते. आज न उलगडलेले उद्या उलगडेल, मग चमत्कार उरतो कुठे, हा दुसरा. तो वजनदार आहे. म्हणूनच कारण सापडत नाही एवढ्यावर कुणी ‘चमत्कार’ म्हणू नये. तपासाने नाकारता येते, स्वीकार मात्र श्रद्धेचा निर्णय राहतो, आणि तसे मोकळेपणाने म्हणावे. फळ चांगले असेल तर घटना खोटी असली म्हणून काय बिघडले, हा तिसरा. सत्याला देव मानणाऱ्या धर्माला असत्याचा आधार घेता येत नाही, हे त्याचे उत्तर.

गोंदिया जिल्ह्यातील बिरसीसारख्या गावात लूर्दसारखे वैद्यकीय कार्यालय नसते. तरी ही परीक्षा तिथेही करता येते. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. या आजारात असह्य वेदनांचे झटके येतात आणि काही दिवसांत ओसरतातही. त्या सुमारास प्रार्थना झाली असेल तर रोग गेला असे वाटते. रक्ताचा अहवाल मात्र बदललेला नसतो. म्हणून वेदना थांबल्याबद्दल देवाचे आभार मानावेत, पण रोग गेला असे जाहीर करू नये. चमत्कार दाखवून पैसे उकळणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. प्रार्थनेला त्याची आडकाठी नाही. जो औषध बंद करायला सांगतो, पैसे मागतो किंवा तपासणी टाळतो, त्याचा दावा ख्रिस्ती कसोटीवरच खोटा ठरतो.