व्हॅम्पायर मेकअप: जुन्या काळातला गॉथिक लूक कसा घडवतात?

पांढराफटक चेहरा, काळे डोळे, ओठांच्या कडेला रक्ताचा ओघळ. सोशल मीडियावर दिसणारे बहुतेक व्हॅम्पायर लूक असेच असतात. मात्र गॉथिक व्हॅम्पायर एकच नाही. दोनशे वर्षांत त्याचा चेहरा अनेकदा बदलला आहे. म्हणून असा मेकअप करताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो, काळाचा असतो.

सोंग घेण्याची कला आपल्याकडे नवी नाही. शहापूर तालुक्यातलं डोळखांब ज्या ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात येतं, तिथे बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव प्रसिद्ध आहे. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा विशेष नावाजलेला. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे लावून देव, राक्षस, वेताळ अशी सोंगं संबळाच्या तालावर नाचतात. या मुखवट्यांचे डोळे मोठे, रंग ठसठशीत आणि दात ठळक असतात, कारण परंपरेने ते रात्री टेंभ्यांच्या उजेडात पाहिले जात. उजेड पाहून चेहरा रंगवायचा, हा धडा व्हॅम्पायर मेकअपलाही लागू होतो.

व्हॅम्पायरचा चेहरा कसा बदलत गेला?

1819 मध्ये जॉन पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा आली आणि रक्तपिपासू पिशाच्च उमराव झालं. 1872 मध्ये शेरिडन ले फानूने ‘कार्मिला’ ही देखणी, मोहात पाडणारी तरुणी रंगवली. 1897 मध्ये ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली. त्यातला काउंट सुरुवातीला म्हातारा आहे. पांढऱ्या मिशा, दाट भुवया, टोकदार कान आणि फिकट चेहऱ्यावर लालभडक ओठ असं त्याचं रूप आहे.

पडद्यावर प्रत्येकाने आपापला व्हॅम्पायर घडवला. ‘नॉस्फेराटू’मध्ये (1922) मॅक्स श्रेक टक्कल, लांब नखं आणि उंदरासारखे पुढचे दात घेऊन आला. 1931 च्या ‘ड्रॅक्युला’त बेला लुगोसीचे केस चापून बसवलेले होते आणि अंगावर झगा होता, पण सुळे दिसतच नाहीत. 1958 मध्ये ख्रिस्तोफर लीने रंगीत पडद्यावर सुळे, लाल डोळे आणि रक्त आणलं. रामसे बंधूंनी 1990 च्या ‘बंद दरवाजा’त नेवला नावाचा देशी व्हॅम्पायर उभा केला. 1992 च्या ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’ने मेकअपचं ऑस्कर मिळवलं.

कोणत्या काळासाठी काय करावं?

*अठरावं शतक:* फिकट बेस, गालांवर लालीचे स्पष्ट गोल, पावडर लावलेले केस आणि गालावर एखादा काळा ठिपका.

*व्हिक्टोरियन काळ:* इथे रंग दिसता कामा नये. त्या काळी क्षयरोग्याचा फिकटपणा, चमकते डोळे आणि गालांवरची लाली यांना सौंदर्य मानलं जाई. डोळ्यांभोवती जांभळट-तपकिरी छटा बोटाने पसरवावी. कपाळाच्या कडेला निळसर शिरा अगदी पुसट काढाव्यात आणि ओठ मधोमध गडद ठेवावेत.

*मूकपटांचा काळ:* बारीक, खाली झुकलेल्या भुवया, काजळाने भरलेले डोळे आणि छोटे, गडद ओठ.

*मराठी वळण:* ‘ड्रॅक्युला’ आली त्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. त्या काळाचा मराठी गॉथिक लूक करायचा तर काळा झगा कशाला हवा? काळी चंद्रकळा, खोपा, बुगडी आणि फिकट चेहरा एवढं पुरतं.

सावळ्या रंगावर पांढरा का शोभत नाही?

सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर थेट पांढरा रंग लावला की चेहरा राखाडी दिसतो. त्याऐवजी आपल्या रंगापेक्षा एक-दोन छटा उजळ फाउंडेशन घ्यावं. ते मान, कान आणि हातांनाही लावावं. गालांखालचे खळगे थंड तपकिरी छटेने दाखवावेत, नारिंगी झाक टाळावी. फिकटपणा खरं तर शेजारच्या गडद रंगामुळे उठून दिसतो. मोबाईलच्या फ्लॅशमध्ये पावडर अधिकच पांढरी दिसते, म्हणून कार्यक्रमाआधी त्याच उजेडात एक फोटो काढून पाहावा.

रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर पुरते. कोकोमुळे रंग गडद होतो. कपड्यांवर मात्र डाग पडतात.

जीवघेणा गोरेपणा

युरोपात काही शतकं चेहरा पांढरा करायला शिशाचा सफेदा वापरत. तो विषारी होता आणि त्याने त्वचा खराब होत असे. मग ते डाग झाकायला पुन्हा तोच थर चढवला जाई. डोळे टपोरे दिसावेत म्हणून बेलाडोना या विषारी वनस्पतीचे थेंबही डोळ्यांत घातले जात.

तो काळ गेला, धोका मात्र गेलेला नाही. स्नेहसंमेलनाच्या घाईत हाताशी येईल ते चेहऱ्याला फासलं जातं. ऑइल पेंट, कापडाचे रंग आणि होळीचे रंग चेहऱ्यासाठी नसतात. शेंदरात शिसं किंवा पारा असू शकतो, त्यामुळे तो रक्त म्हणून ओठांना लावू नये. सुळे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने दातांना कधीच चिकटवू नयेत. नवं प्रसाधन आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं.

सर्वांत मोठा धोका रंगीत लेन्सचा असतो. डॉक्टरांनी न तपासलेल्या किंवा दुसऱ्याने वापरलेल्या लेन्समुळे बुबुळाला जखम आणि जंतुसंसर्ग होऊन दृष्टी जाऊ शकते. डोळखांबसारख्या गावातून नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचण्यात वेळ जातो, त्यामुळे इथे ही जोखीम आणखी वाढते. लाल डोळ्यांचा भास पापण्यांभोवतीच्या लालसर आयशॅडोनेही होतो.

मेकअप उतरवताना आधी खोबरेल तेल हलक्या हाताने लावून पुसावं, मग सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा.

सोंग कुठे संपवायचं?

भुताळी, चेटकीण असल्याच्या संशयातून माणसांचा छळ झाल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच अघोरी प्रथा रोखण्यासाठी आला. त्यामुळे व्हॅम्पायरच्या वेशात रात्री पाड्यावर फिरणं किंवा लोकांना घाबरवून रील काढणं हा खेळ कोणाच्या तरी अंगाशी येऊ शकतो. भूत दिसल्याची अफवा पसरली की संशयाचं बोट बहुधा गावातल्या एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या बाईकडेच वळतं. बोहाड्याचा मुखवटा नाच संपला की उतरतो. व्हॅम्पायरचा चेहराही रंगमंचावरून उतरताच धुवून टाकावा.