तळटीप १४ : विसाच्या क्रांतीची पथके
१४. पूर्ण नाव ‘कताइब सौरत अल्-इश्रीन’, म्हणजे १९२०च्या क्रांतीची पथके. मार्च २००३मध्ये अमेरिका व मित्रदेशांच्या फौजा इराकमध्ये शिरल्यावर त्याच वर्षी उभी राहिलेली सुन्नी बंडखोर संघटना. तिच्यात जुन्या इराकी लष्करातले अधिकारीही होते. बगदादच्या पश्चिमेला अबू ग्रेब, फलुजा आणि ईशान्येला दियाला हा तिचा टापू.

नावातले साल ब्रिटिश अंमलाविरुद्धच्या उठावाचे आहे. तो मोडायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून पलटणी नेल्या होत्या. उठावाचा मुख्य जोर फुरातच्या मधल्या खोऱ्यातील शिया टोळ्यांत होता, पण फलुजाजवळ ब्रिटिश अधिकारी कर्नल लीचमन मारला गेला तो सुन्नी शेख धारी यांच्या भेटीत, ऑगस्ट १९२०मध्ये. तेव्हा सुन्नी संघटनेने हे नाव घ्यावे, यात नवल नाही.

लेखक येथे तिला अल्-कायदाची शाखा म्हणतात. ते बरोबर नाही. रोख परकी फौजांवर असला तरी तिची भाषा इराकी राष्ट्रवादाची होती. २००७मध्ये या दोन संघटनांत उघड चकमकी झाल्या, आणि दियालातल्या तिच्या काही तुकड्या अल्-कायदाविरुद्ध अमेरिकनांच्याच बाजूने लढल्या.