देव्हाऱ्यांतली शिवराई

पुण्यांतील जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत देवांच्या पायांशीं एखादें काळवंडलेलें तांब्याचें नाणें अजूनहि सांपडतें. ती शिवराई. घरांतील वडीलधारी मंडळी ती प्रत्यक्ष शिवछत्रपतींच्या वेळची म्हणून मोठ्या भक्तीनें दाखवितात. मी शाळेंत शिकवीत असतांना एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीची अशीच शिवराई वर्गांत आणली. तीवरील “राजा” हीं अक्षरें वाचून मीं भर वर्गांत ती महाराजांच्या काळची ठरविली. तो निवाडा चुकीचा होता.

इ. स. १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हांपासूनचें हें नाणें. एका अंगास तीन ओळींत “श्री राजा शिव”, दुसऱ्या अंगास दोन ओळींत “छत्र पति”, आणि भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ. त्यावर वर्ष नाहीं, टांकसाळीचें नांव नाहीं. उत्तरकालीन रोमन सम्राटांचीं ब्राँझचीं नाणीं मदुरेच्या परिसरांत मिळालीं आहेत. तीं नखाएवढीं नि झिजलेलीं असतात. परंतु मुखवट्याभोंवतीं सम्राटाचें नांव आणि मागील बाजूस तळाशीं टांकसाळीच्या खुणेचीं अक्षरें असतात. त्यांतलीं दोन-चार उरलीं तरी अभ्यासकास धागा मिळतो. आमच्या शिवराईचें नांवच फसवितें! शाहू महाराज गादीवर आले, पुढें कारभार पेशव्यांच्या हातीं गेला, तरी तांब्यावर नांव उमटत राहिलें तें थोरल्या महाराजांचेंच. तें वाचून काळ सांगणें म्हणजे पणजोबांच्या नांवाची पाटी पाहून गादीवर बसलेला दुकानदार तोच समजणें होय.

शिवाय तांब्याची चकती ठशाहून बहुधा लहान, आणि घाव हातोडीचा. त्यामुळें एकावर “श्री” निसटते, दुसऱ्यावर “व”. म्हणून चार-पांच नाणीं शेजारीं मांडून पाहावींत. ओळींच्या मध्यें दोन समांतर आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी शिवराई. ती पेशवाईंतली किंवा त्याहूनहि अलीकडची. रेघा नाहींत एवढ्यावरून मात्र ती महाराजांची ठरत नाहीं. मग अक्षरांचें वळण, ठिपके, वजन हीं सर्व पाहावीं लागतात. वजन तोळ्याच्या आगेंमागें असतें. ऱ्हस्वदीर्घाचा तर मेळच नाहीं. “शिव” च्या जागीं “सिव” सुद्धां आढळतें. शुद्धलेखन तपासण्यांत जन्म गेलेल्या माणसास हें सोसणें कठीण, पण एका ठशाचीं नाणीं ओळखण्यास हींच चुकलेलीं अक्षरें उपयोगीं पडतात.

एक विनंति आहे. सणावारीं देवांच्या भांड्यांबरोबर हीं नाणीं चिंच लावून घासूं नका. काळेपणाबरोबर अक्षरांची धारहि जाते, आणि मग ओळखावयास कांहींच उरत नाहीं.

त्या विद्यार्थ्याचें नाणें पुढें कांहीं महिन्यांनीं, इतर शिवराया पाहिल्यावर, मीं पुन्हां मागून घेतलें. दोन दांड्या स्पष्ट होत्या. मी त्याच्या घरीं जाऊन आजीबाईंस तसें सांगितलें. त्यांनीं नाणें पुसून पुन्हां जागेवर ठेविलें आणि म्हणाल्या, “गुरुजी, कुणाच्या का वेळचें असेना, मला तें सासूबाईंनीं दिलेलें आहे.” दुसऱ्या दिवशीं वर्गांत फळ्यावर त्या दोन दांड्या काढून मीं मुलांस माझी चूक दाखविली.