कातीव : एका विशेषणामागचे लाकूड

मराठी समीक्षेला ‘कातीव’ या शब्दाचा मोठा सोस आहे. कथेची भाषा कातीव असते, कवितेची ओळ कातीव असते, नायिकेचे नाक तर असतेच असते. हे विशेषण वापरणाऱ्याच्या मनात बहुधा छिन्नी आणि दगड असतात, असे आमचे अनुमान आहे. पण छिन्नीने दगड घडवतात, कोरतात. कातायचे असते ते सूत आणि लाकूड. या दोन्ही कामांत काहीतरी सतत फिरत असते, सुताच्या बाबतीत चाती आणि लाकडाच्या बाबतीत खुद्द लाकूड. हत्यार स्थिर धरायचे आणि वस्तूने फिरत फिरत स्वतःला त्याच्या धारेवर उतरवून घ्यायचे, हा कातकामाचा गाभा आहे. बेलूर-हळेबीडच्या होयसळ देवळांतले गोल खांब कातीव म्हणतात, तेही ते फिरवून घडवले असे मानले जाते म्हणूनच.

संस्कृतात ‘कृत्’ असे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे, दुसऱ्याचा सूत काढणे. पहिल्याच्या कुळात आपली कातर आणि कात्री, दुसऱ्याच्या कुळात कताई. लाकूड कातणाऱ्याच्या हाती हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, कारण तो फिरवतो आणि कापतोही. या कारागिराला मराठीत ‘कातारी’ म्हणत. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये कारागीर जातींच्या यादीत कातारी सुतारांपासून वेगळे नोंदलेले आहेत. लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याचे नि पलंगाचे खूर, कठड्याचे गज ही सारी त्यांची निर्मिती. ‘कातारी’ आज बोलण्यातून जवळजवळ गेला, ‘कातीव’ मात्र समीक्षेत सुखाने नांदतो आहे. भाषेने तयार वस्तूचे विशेषण ठेवून घेतले आणि ती करणाऱ्याचे नाव टाकून दिले.

याचे एक कारण असे, की आपल्याकडे हे काम जातीचे होते, छंदाचे नव्हते. युरोपात नेमके उलटे घडले. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मगुरूने १७०१ मध्ये लियों येथे कातकामावर सचित्र ग्रंथ छापला. त्या विषयावरचे ते पहिले स्वतंत्र पुस्तक मानले जाते. रशियाचा पीटर सम्राट स्वतः लेथवर हस्तिदंत आणि लाकूड कातत असे. लंडनच्या होल्टझॅपफेल घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हौशी श्रीमंतांसाठी लेथ बनवले आणि पुढे त्यावर जाडजूड खंडही काढले. हौशी माणसाला बापाकडून काही मिळालेले नसते, म्हणून त्याला पुस्तक लागते. कातारी मात्र बापाच्या शेजारी बसून शिकला. त्याला लिहून ठेवण्याची गरज पडली नाही, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना लाकडाला हात लावण्याची गरज पडली नाही. आज कातकाम शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला इंग्रजी पुस्तकांकडे वळावे लागते याचे मूळ इथे आहे.

लाकूड निवडण्यावर मात्र आपल्याकडे लिहिले गेले होते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी झाड कसे निवडावे यावर एक अध्याय आहे, आणि पलंग व आसने यांच्या लाकडावर दुसरा. स्मशानातले, देवळाजवळचे, वारुळावरचे, वेलींनी वेढलेले, विजेने वा वाऱ्याने मोडलेले, आपोआप पडलेले, वाळलेले झाड घेऊ नये असे तो सांगतो. यातला बराच भाग शुभाशुभाचा आहे हे खरे. तरी विजेने चिरलेल्या खोडात आतपर्यंत तडे असतात आणि आपण होऊन पडलेले झाड बहुधा आतून कुजलेले असते, हे कोणताही सुतार सांगेल.

आम्ही फुलपाड्यात राहतो. आमच्यासारख्या हौशी माणसांच्या वाट्याला नेमकी वराहमिहिराने वर्ज्य केलेलीच झाडे येतात. विरार पूर्वेच्या या भागात पापडखिंड धरणाकडे जाताना डोंगर आणि झाडी दिसते, पण तिकडचे लाकूड आपले नव्हे. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, आणि शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. तेव्हा उरते ते पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीतले, वादळाने पाडलेले, किंवा जुन्या घराच्या मोडतोडीतले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा या साऱ्या पट्ट्यात आंबा, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष आडवे झाले होते. त्यातले काय घ्यावे? गुलमोहर हलका, त्याला किडा लवकर लागतो. आंबा कातायला सोपा, पण ओला पडून राहिला की बुरशीने काळानिळा होतो. फणसाचा पिवळा गाभा वाटीसाठी उत्तम. चिंचेचा गाभा इतका घट्ट, की पूर्वी त्याची उखळे आणि तेलाचे घाणे करत. हत्याराची धार तो मिनिटांत उतरवतो.

निवड संपली की वाळवण, आणि खरी कसोटी तिथे आहे. नुकत्याच तोडलेल्या खोडात पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या निम्मे, कधी त्याच्या बरोबरीचेही असते. पेशींच्या पोकळीतले पाणी आधी जाते, तोवर लाकूड आकसत नाही. ओलावा सुमारे तीस टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंती सुकू लागतात आणि आकसणे सुरू होते. ते सारखे नसते. वर्षवलयांच्या दिशेने लाकूड जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच केंद्राकडून सालीकडे आकसते. या ओढाताणीतून तडा जन्मतो. म्हणून ओंडका उभा चिरून मधला मगज काढून टाकायचा, दोन्ही टोकांना मेण किंवा रंग फासायचा, कारण पाणी टोकांतून सर्वांत वेगाने पळते. मग तुकडे सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचायचे. इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा. आपल्या किनाऱ्यावर त्यातही विघ्न असे, की वैशाखात सुकलेले लाकूड आषाढात हवेतले पाणी पुन्हा पिते. मोजायचे साधन साधे आहे. तुकड्याचे वजन करून त्यावर तारीख घालून लिहायचे. काही आठवडे वजन उतरेनासे झाले, की तो त्या ऋतूपुरता सुकला.

जगभरचे कातारी यावर एक तोड काढतात. वाटी ओल्या लाकडातच जाडसर कातून ठेवायची, भिंत व्यासाच्या एक दशांशाइतकी राखून. ती वाळताना वेडीवाकडी होते, होऊ द्यायची. काही महिन्यांनी पुन्हा लेथवर चढवून तिला गोल करायची. म्हणजे कातीव वस्तू दोनदा कातलेली असते आणि मधला काळ तिला विसरलेले असते. ‘पुनर्लेखन’ या शब्दापेक्षा हे आम्हांला अधिक नेमके वाटते. असो.

इतिहासाने लाकडाची नोंद घेतली ती जहाजांच्या निमित्ताने. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली. मधल्या काळात वसई-आगाशीच्या बाजूला जहाजबांधणी चाले. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. दोनशे वर्षांचे श्रेय बांधणाऱ्यांना मिळते आणि सागाला मिळते. पण साग तोडण्यापूर्वी बुंध्याभोवती साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड गोलाकार कापून झाड उभ्यानेच दोन-तीन वर्षे वाळवण्याची रीत मलबार आणि ब्रह्मदेशात होती. ओला साग पाण्यात बुडतो, असा वाळलेला तरंगत नदीने खाली येतो. ही दोन-तीन वर्षे ज्यांनी जंगलात मोजली, त्यांची नावे कोणत्याही जहाजाच्या कथेत नाहीत.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी होतात. तिथे पांगाऱ्यासारखे हलके लाकूड लागते, कारण फळ हातात घेतल्यावर जड वाटता कामा नये. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला जे पांढरे, बारीक पोताचे लाकूड वापरतात, तो आपला काळा कुडा. फिरत्या वस्तूवर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पानाने झिलई आणतात. लाकूड ओले राहिले तर लाख धरत नाही. म्हणजे रंग नीट चढला आहे, यातच कुणीतरी पुरेसे थांबले होते याचा दाखला असतो. चन्नपट्टणच्या कुड्याला कन्नडमध्ये ‘हाले’ हे नाव आहे आणि ते तिथल्या कारागिराच्या तोंडी आहे. सावंतवाडीत लाकडाच्या प्रतींना, वाळण्याच्या टप्प्यांना, अर्धवट कातलेल्या वस्तूला कोणते शब्द आहेत, हे कुणा मराठीच्या विद्यार्थ्याने चितारआळीत बसून लिहून घ्यावे. आमच्या सज्जात फणसाच्या दोन जाडसर वाट्या वाळत आहेत, आणि त्या अवस्थेला काय म्हणावे हे आम्ही शोधतो आहोत.