क्रांतीविरुद्ध उठलेला शेतकरी

फ्रेंच राज्यक्रांती म्हटली की सरंजामी जुलमाविरुद्ध पेटून उठलेली रयत आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु त्याच रयतेचा एक भाग, आणि तोही वाड्यांतून राहणारा नव्हे तर नांगर धरणारा भाग, १७८९ नंतर चार वर्षे पुरी होण्याच्या आतच क्रांतीवर हत्यार उगारून उभा राहिला. फ्रान्सच्या पश्चिमेस, ल्वार नदीच्या दक्षिणेकडे असलेल्या व्हाँदे नावाच्या मुलुखातील हे बंड होय. पॅरिसमधील क्रांतिकारकांनी त्याचा निकाल एका वाक्यात लावला : अडाणी शेतकऱ्यांना पाद्री आणि सरदार यांनी फितवले. पुढेही कित्येकांनी तोच निकाल प्रमाण मानला. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी त्या शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहून त्या चार वर्षांकडे पाहिले पाहिजे.

हा मुलूख उंच कुंपणांचा आणि खोलगट, अरुंद वाटांचा. वस्ती विखुरलेली, दोन-चार घरांची एकेक वाडी. आठवडाभर एकमेकांचे तोंडही न पाहणारी माणसे रविवारी चर्चच्या आवारात भेटत. सोयरिकी तेथे ठरत, गाईबैलांचे सौदे तेथे होत, सरकारी हुकूम तेथेच कानी पडत आणि वाडवडीलही तेथल्याच मातीत विसावलेले असत. चर्च हे त्यांचे देवालय होते, तशीच चावडीही होती.

१७८९ च्या वसंतात राजाने रयतेची गाऱ्हाणी मागवली, तेव्हा या मुलुखानेही करांविरुद्ध आणि वरिष्ठांच्या सवलतींविरुद्ध आपले म्हणणे मांडले होते. म्हणजे बदल त्यालाही हवाच होता. मात्र प्रत्यक्षात त्याच्या पदरी काय पडले? चर्चला द्यावा लागणारा दशांश कर रद्द झाला. पण कसणारा बहुधा कूळ असल्याने ती सूट जमीनमालकाने खंडात मिळवून घेतली. नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि पुढे विक्रीस निघाल्या. रोकड पैसा शहरातील वकील-व्यापाऱ्यांच्या हाती होता; पुष्कळशा जमिनी त्यांनीच घेतल्या. नव्या कारभारात अधिकाराच्या जागाही बहुतांशी त्यांच्याकडेच गेल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने जुना धनी जाऊन नवा आला, आणि हा नवा धनी त्याला नावानेही ओळखत नव्हता.

जुलै १७९० मध्ये धर्मसंस्थेची नवी घटना मंजूर झाली. धर्मगुरू हा सरकारी नोकर ठरला आणि त्याने राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी असा दंडक आला. देशातील सुमारे निम्म्या पाद्र्यांनी ती घेतली; व्हाँदेत मात्र बहुसंख्यांनी नाकारली. त्यांच्या जागी परके पाद्री नेमले गेले. लहान पॅरिशे मोडून दुसऱ्यांत मिळवण्यात आली. ज्याने आपल्याला बाप्तिस्मा दिला त्याला बंदुकीच्या धाकाने गावाबाहेर जाताना लोकांनी पाहिले आणि नव्याच्या प्रार्थनेकडे पाठ फिरवली.

२१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. शेतकरी केवळ राजासाठी लढले असते, तर भडका तेव्हाच उडायला हवा होता. पण मुलूख स्वस्थ राहिला. २४ फेब्रुवारीला तीन लाख सैनिकांच्या भरतीचा हुकूम सुटला, आणि मार्च उजाडताच बंड पेटले. ज्या सरकारने देऊळ घेतले तेच आता मुलगा मागत होते. शिवाय स्थानिक कारभाऱ्यांना या भरतीतून सूट होती! बंडाचा एक पहिला पुढारी जाक कातलिनो हा फिरता विक्रेता होता. सरदार मंडळी मागाहून आली. कित्येकांना तर शेतकऱ्यांनीच घरी जाऊन सेनापतिपद घ्यावयास लावले. फितवणारा कोण आणि फितलेला कोण, असा प्रश्न येथे पडतो.

या बंडाला निर्मळ म्हणता येणार नाही. माशकूल गावी बंडखोरांनी क्रांतिपक्षाच्या लोकांची निर्घृण कत्तल केली. पण सरकारने उगवलेला सूड त्याहून कितीतरी भयंकर होता. नांत येथे कारिएने कैद्यांना नावांत कोंडून ल्वारच्या पात्रात बुडवले; १७९४ मध्ये जनरल त्युरोच्या फौजांनी गावेच्या गावे जाळली आणि बायकामुलांनाही सोडले नाही. या मुलुखातील मृतांचा इतिहासकारांचा अंदाज दीड लाखाच्या पुढे जातो. अखेर फेब्रुवारी १७९५ च्या तहात सरकारने कबूल काय केले? उपासनेचे स्वातंत्र्य, सैन्यभरतीतून सूट आणि नुकसानभरपाई. राजा परत आला नाही, तरी तह झाला. तो फार दिवस टिकला नाही. पण रयतेचे मूळ मागणे काय होते, हे त्या कलमांतून उघड दिसते.

एवढ्यावर ही हकिकत संपत नाही. १९१३ साली आंद्रे सीगफ्रीद या अभ्यासकाने पश्चिम फ्रान्समधील मतदानाचा नकाशा मांडला. व्हाँदेचा हा कुंपणांचा मुलूख तेव्हाही परंपरावादी पक्षांच्याच मागे उभा होता. १९६० मध्ये पॉल ब्वा याने जवळच्या सार्त जिल्ह्याचा अभ्यास करून दाखवले, की एकाच जिल्ह्यातील गावांच्या मतांत जो भेद दिसतो त्याचे मूळ क्रांतीच्या दशकातील अनुभवांत आहे. जखम भरली, व्रण राहिला. आणि नातवा-पणतवांनी त्या व्रणालाच आपले मत म्हटले.

खेड्यातील माणूस जुन्याला का चिकटतो, याचे उत्तर देताना आपण सहसा त्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवतो. व्हाँदेचा इतिहास सांगतो, की पुष्कळदा ते अज्ञान नसून अनुभव असतो. नवे त्याच्या दारी आले ते वसुली अधिकारी म्हणून, भरतीचा शिपाई म्हणून, आणि त्याची भाषा न बोलणारा शहाणा म्हणून. त्याच्या मताशी सहमत होण्याची सक्ती कोणावर नाही; ते मत समतेच्या आड येत असेल तर त्याला विरोधही केला पाहिजे. परंतु त्या विरोधाआधी त्याने काय गमावले हे विचारण्याचे सौजन्य दाखवले नाही, तर उत्तम हेतूने केलेली सुधारणाही त्याला स्वारीच वाटते. १७९० मध्ये हा प्रश्न व्हाँदेत कोणी विचारला असता तर बंड टळलेच असते, असे इतिहास म्हणू शकत नाही. तो विचारला गेला नाही, आणि त्याची किंमत दोन्ही पक्षांनी मोजली, एवढे मात्र तो निश्चित सांगतो.